डेबियन: शब्द आला कुठून, आणि ‘टाकला’ म्हणायचं का ‘टाकलं’?

विचारणा अशी होती की ‘डेबियन’ (कॉम्प्युटर चालवणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम, विंडोजसारखी) हा शब्द लॅटिन किंवा ग्रीकमधून आलाय का, त्याचा अर्थ काय, आणि मराठीत बोलताना ‘लॅपटॉपवर डेबियन टाकला’ म्हणायचं, टाकली म्हणायचं की टाकलं? व्युत्पत्ती आणि लिंग हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण इथे एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलंय, म्हणून एकत्रच लिहितो, जरा लांबेल.

लॅटिन नाही, ग्रीकही नाही. आफ्रिकेतल्या भाषेतला शब्द आहे असंही काहीजण सांगतात, तो ‘उबुंटू’ (अशीच दुसरी एक सिस्टिम), त्याच्यावरून हा घोळ होतो कारण उबुंटू डेबियनवरच उभं आहे. डेबियन हा पूर्णपणे घडवलेला शब्द आहे आणि तो कोणी, कधी, कशातून घडवला हे सगळं नोंदलेलं आहे, शब्दांच्या बाबतीत असं फार क्वचित हाती लागतं. १६ ऑगस्ट १९९३ ला इयन मर्डॉक नावाच्या एका विद्यार्थ्याने जाहीर केलं की मी लिनक्सचं (ज्या गाभ्यावर अशा सिस्टिम उभ्या राहतात त्याचं) एक नवीन रिलीज बांधतोय आणि त्याचं नाव डेबियन. तेव्हा तो अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीत शिकत होता, वय वर्षं २०. मैत्रिणीचं नाव डेब्रा, पुढे त्यांचं लग्नही झालं. तिच्यातलं डेब घेतलं, त्याला स्वतःचं इयन जोडलं, झाला शब्द.

म्हणजे शेवटचं ‘इयन’ हे इंडियन, इटालियन यांच्यासारखं प्रत्यय वाटतं पण प्रत्यय नाहीये, ते माणसाचं नाव आहे. आणि नेमका कोणता इयन हेही सांगायला पाहिजे, कारण या प्रोजेक्टमध्ये थोड्याच दिवसांत इयन जॅक्सन नावाचे दुसरे गृहस्थ आले, त्यांचं कामही मोठं आहे, १९९८ मध्ये ते प्रोजेक्टचे प्रमुखही होते, पण नावातले इयन ते नव्हेत, मर्डॉकच.

उच्चारही याच फोडीतून सुटतो. डेब आणि इयन, जोर पहिल्या डेवर. इंग्रजीत तो ए आखूड आहे, मराठीत आपल्याकडे ऱ्हस्व ए वेगळा लिहायची सोय नाही त्यामुळे डेबिट कार्डातला डे म्हटला की काम झालं. ‘डेबिअन’ लिहिलं तर चूक नाही पण आपली जीभ इ नंतर अ आला की मध्ये य घालतेच, म्हणून मी डेबियन लिहितो. ‘डेबियान’ मात्र नको, ते स्पेलिंग बघून वाचल्यामुळे होतं.

नावातलं ‘डेब’ पुढे एकटंही वापरात आलं. डेबियनमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम पॅकेज म्हणून येतो आणि त्या फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब डेब असतं. लोक म्हणतात, ‘त्याची डेब फाइल आहे का?’, किंवा नुसतंच ‘डेब दे’. अशी एखादी फाइल उघडून बघा, आत तीनच गोष्टी निघतात: एक छोटीशी फाइल जिच्यात पॅकेजच्या फॉरमॅटचा आकडा लिहिलेला असतो, २.०, बाकी काही नाही. दुसरं एक गाठोडं ज्यात हे पॅकेज काय आहे, कोण सांभाळतं, त्याला आधी कोणती दुसरी पॅकेजेस लागतात ही माहिती. आणि तिसरं गाठोडं म्हणजे प्रत्यक्ष माल. हे उघडून बसवणारा जो डीपॅकेज नावाचा प्रोग्रॅम आहे त्याचं पहिलं रूप मर्डॉकनेच १९९४ च्या जानेवारीत लिहिलं, मग ते इतरांच्या मदतीने पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत गेलं आणि त्याचा मुख्य भाग सी या भाषेत लिहिला तो वर सांगितलेल्या इयन जॅक्सन यांनी. मला या सगळ्यातलं ते दुसरं गाठोडं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण एकमेकांना न भेटलेली माणसं वेगवेगळ्या देशांत बसून पॅकेजेस बनवतात आणि तरी ती एका मशीनवर गुण्यागोविंदाने नांदतात ते त्याच्या जोरावर.

आता हे मुळात करावंसं का वाटलं? तेव्हा लिनक्स म्हणजे नुसतं कर्नल, सिस्टिमचा गाभा, ते वापरायचं तर बाकीचं सगळं गोळा करून बसवायला लागायचं, आणि ते तयार बांधून देणारं एसएलएस नावाचं डिस्ट्रिब्युशन बऱ्यापैकी चालत होतं पण चुकांनी भरलेलं होतं. मर्डॉक त्याला कंटाळला होता. त्याने एक जाहीरनामा लिहिला, त्यात म्हणणं असं की हे बांधणीचं काम सोपं नाही, त्यात झगमगाट नाही, सतत राबावं लागतं म्हणून कोणी नीट करत नाही, तेव्हा ते लिनक्ससारखंच उघडपणे, सगळ्यांच्या हातांनी व्हायला पाहिजे. ‘डिस्ट्रिब्युशन’ला मराठीत ‘वितरण’ लिहिलेलं मी वाचतो तेव्हा खटकतं ते यामुळेच. वितरण म्हणजे तयार माल वाटणं, इथे खरी मेहनत वाटण्याआधीची, निवडण्याची आणि जुळवण्याची. लोक ‘डिस्ट्रो’ म्हणतात तेच बरं आहे.

इथून शब्दाचा अर्थ सरकायला लागतो. १९९३ मध्ये डेबियन म्हणजे एक वस्तू, एका मुलाने बांधायला घेतलेली. मार्च १९९६ मध्ये मर्डॉक प्रमुखपदावरून बाजूला झाला, ब्रूस पेरेन्स आले, आणि काम थांबलं नाही. जून १९९६ मधल्या १.१ मध्ये ४७४ पॅकेजेस होती (१.० कधी आलंच नाही, एका सीडी विकणाऱ्या कंपनीने अर्धवट आवृत्तीच चुकून १.० म्हणून विकली त्यामुळे तो आकडा सोडून द्यावा लागला). मग जुलै १९९७ मध्ये ‘सोशल काँट्रॅक्ट’ मंजूर झाला, वापरणाऱ्यांना दिलेलं वचन. त्याच्या कलमांचे मथळे बघा, पहिल्यात डेबियन १०० टक्के मुक्त राहील असं आहे, तिथे डेबियन ही वस्तू; पण लगेच पुढे आम्ही समाजाला परत देऊ, आम्ही अडचणी लपवणार नाही, असं ‘आम्ही’ सुरू होतं, तिथे बोलणारं डेबियन म्हणजे माणसं. एकाच पानावर शब्द एका अर्थावरून दुसऱ्यावर जाताना दिसतो. डिसेंबर १९९८ च्या प्रोजेक्टच्या घटनेत (म्हणजे संविधानात) तर स्पष्टच लिहिलंय की डेबियन प्रोजेक्ट म्हणजे मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम तयार करण्यासाठी एकत्र आलेल्या व्यक्तींची संघटना. (मुक्त म्हणजे फुकट नव्हे, बदलायची आणि वाटायची मोकळीक. त्याच काँट्रॅक्टसोबत मोकळीक कशाला म्हणायचं याचे निकष ठरले आणि १९९८ मध्ये पेरेन्स यांनी त्यातले डेबियनचे उल्लेख काढले की झाली ‘ओपन सोर्स’ची व्याख्या. म्हणजे जो शब्द आपण रोज वापरतो त्याची व्याख्याही इथूनच गेलीये.)

आता लिंग. परका शब्द आला की मराठी एकतर जवळचा आपला शब्द बघते, गाडी ती म्हणून कार ती, नाहीतर नव्या वस्तूला नपुंसकलिंग देऊन मोकळी होते: सॉफ्टवेअर आलं, ॲप उडवलं. ‘डेबियन टाकली’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात सिस्टिम असते, ‘टाकला’ मला वाटतं हिंदीच्या वळणाने येतं कारण तिथे नपुंसकलिंगच नाही. मी ‘टाकलं’ म्हणतो आणि तेच सुचवेन: डेबियन टाकलं, डेबियन चालतंय, डेबियन अपग्रेड केलं. माणसांच्या अर्थी बोलताना तर प्रश्नच येत नाही. ‘डेबियनने नवीन आवृत्ती काढली’ यात क्रियापद आवृत्तीच्या मागे जातं, डेबियनचं लिंग विचारतंय कोण. आणि सामान्यरूप करू नका, ‘डेबियनाने’ वगैरे कानाला बरं लागत नाही, डेबियनचा, डेबियनमध्ये, एवढंच.

‘डेबियन अनस्टेबल’ बद्दलही कोणीतरी विचारलं होतं म्हणून सांगतो, ते म्हणजे डेबियनचं अजून घडत असलेलं रूप, आणि अनस्टेबल म्हणजे सारखं बंद पडणारं नाही, सारखं बदलणारं. त्याचं कायमचं टोपणनाव सिड. डेबियनच्या आवृत्त्यांची सगळी टोपणनावं ‘टॉय स्टोरी’ सिनेमांतली, ही नावं सुरू झाली तेव्हा पेरेन्स ते सिनेमे बनवणाऱ्या पिक्सारमध्ये होते, आणि सिड म्हणजे त्यातला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. २०१७ ची ‘स्ट्रेच’ ही आवृत्ती मर्डॉकच्या स्मरणार्थ होती, तो २०१५ च्या डिसेंबरात ४२ व्या वर्षी गेला.

टोपणनाव घेऊन बोलताना मात्र लिंग बदलू द्या, तिथे अडवू नका. २०२३ चा बुकवर्म हा किडा, त्यामुळे ‘बुकवर्म टाकला’. ऑगस्ट २०२५ ची ट्रिक्सी ही त्या खेळण्यांमधली निळी डायनोसॉर, ती मुलगी, म्हणून ‘ट्रिक्सी टाकली’ सहज तोंडात येतं आणि बरोबरही आहे. पुढचं नाव फोर्की ठरलंय, तो काट्याचमच्यापासून बनलेला, तेव्हा ‘फोर्की टाकला’. इन्स्टॉल करताना भाषेच्या यादीत मराठी आहे, तीही निवडून बघा.