वर्गात बायका बोलत नाहीत, याचा अर्थ तुम्हाला शिकवता येत नाही असा नाही

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: बरीच वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यावर तुम्ही प्रौढशिक्षणाचा वर्षभराचा अभ्यासक्रम घेतलाय. सरावासाठी सोलापुरातल्या विडी कामगार बायकांचा वर्ग मिळालाय. बायका येतात, बसतात, पण काही विचारलं की खाली बघतात. रोज चिंतन-नोंद लिहायची सक्ती आहे आणि ती 'आज वर्ग चांगला झाला' याच्या पुढे जात नाही. यातून आपण वाढतोय की नुसते दमतोय, आणि पुढे पोटापाण्याचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी सिंधुदुर्गातल्या साक्षरता अभियानापासून या कामात आहे आणि आता मुख्यतः प्रशिक्षकांना शिकवते. उत्तर लांबेल, पण प्रश्नच तसा आहे.

आधी त्या गप्प बसण्याबद्दल. शाळेतला शिक्षक दिवसभर असे प्रश्न विचारतो ज्यांची उत्तरं त्याला आधीच ठाऊक असतात. 'हे कोणतं अक्षर?' मुलांना त्यात मजा येते, हात वर करायची चढाओढ लागते. चाळिशीच्या बाईला मात्र तो प्रश्न परीक्षा वाटतो, आणि चार शेजारणींसमोर नापास व्हायची तिची तयारी नसते. म्हणून ती खाली बघते. तो तिचा शहाणपणा आहे, तुमचं अपयश नव्हे.

तुम्हाला ज्याचं उत्तर खरंच माहीत नाही असा प्रश्न विचारून बघा. 'हजार विड्यांना पान किती लागतं? पान जास्त वाळलं असेल तर काय करता? कोणतं पान हातात घेतल्याबरोबर बाजूला टाकता?' पान भिजवून ओल्या फडक्यात किती वेळ ठेवायचं इथपासून सुरुवात होईल आणि तुम्हाला लिहून घ्यायला वही पुरणार नाही. त्यातल्या बऱ्याच जणी घरी तेलुगू बोलत असतील, तेव्हा बोलण्याच्या भरात तेलुगू येईल. येऊ द्या. मध्येच 'मराठीत सांगा' म्हटलंत की पुन्हा शांतता.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात शाळांच्या वर्गांत मोजून पाहिलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तेच तीनेक सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारेही बोलतात. प्रौढांच्या वर्गात मी त्याहून जास्त थांबायला सांगते. ती शांतता शिक्षकालाच सोसत नाही, शिकणाऱ्याला चालते.

प्रौढशिक्षणाचा अमेरिकन अभ्यासक माल्कम नोल्स याचं नाव तुमच्या अभ्यासक्रमात येऊन गेलं असेल. प्रौढ माणूस अनुभवाचं गाठोडं घेऊन वर्गात येतो, आणि हे शिकून आपल्याला काय उपयोग ते त्याला आधी कळावं लागतं, हे त्याचं म्हणणं परीक्षेपुरतं पाठ होतं. विडीच्या हिशोबात ते जिवंत दिसतं. किती विड्या दिल्या, किती बाद झाल्या, हजारी दराने किती पैसे हातात यायला हवेत, हे त्यातली प्रत्येक बाई तोंडी सांगेल. मात्र विड्यांची नोंद होते त्या कार्डावर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नाही, म्हणून कारखान्यात जे सांगतील ते ऐकून घ्यावं लागतं. तुमचा पहिला धडा त्या कार्डावर आहे. पाउलो फ्रेरे या ब्राझीलच्या शिक्षणतज्ज्ञाने १९६३ मध्ये तिथल्या आंगिकोस गावात सुमारे तीनशे मजुरांना चाळीस तासांत वाचायला शिकवलं, तेही त्यांच्या रोजच्या जगण्यातले शब्द निवडून. आपल्या ग म भ न चा क्रम काही वाईट नाही, पण 'पान', 'दर', 'बाद' हे शब्द आधी आले तर बिघडत नाही.

सिंधुदुर्गात हे मी जवळून पाहिलं. नवरा मुंबईला, त्याचं अंतर्देशीय पत्र यायचं आणि ते वाचून दाखवायचा पोस्टमन. घरातलं सगळं, पैशांचं, सासूच्या दुखण्याचं, आधी पोस्टमनला कळायचं. एक बाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "माझ्या घोवाचा पत्र पोस्टमनान कित्याक वाचूचा?" तिला प्रवेशिकेतला, म्हणजे साक्षरतेच्या पहिल्या पुस्तकातला, पहिला धडा नको होता. नवऱ्याचं नाव, 'माझे बरे आहे', 'पैसे मिळाले' एवढं आधी हवं होतं. आमच्या कार्यकर्तीने तिला तेच आधी दिलं आणि मग त्याच अक्षरांवरून ती प्रवेशिकेत आली. काहींना फक्त सही शिकायची असते. बरेच प्रशिक्षणार्थी त्यावर नाक मुरडतात, 'सही म्हणजे साक्षरता नव्हे' म्हणतात. नसेल. पण अंगठा पुसायची इच्छा असलेल्या बाईला आनंदाने सही शिकवावी, या मताची मी आहे. पुढचं तीच विचारते.

हजेरीचं एक व्यवहारी सांगते. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पाणी यायच्या दिवशी वर्ग ठेवू नका. आणि पुस्तक हातभर लांब धरणारी, 'डोकं दुखतं' म्हणून उठून जाणारी बाई असेल तर तिला आधी चष्मा हवाय. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं हे सगळ्यांना माहीत असतं, तरी 'तिला जमत नाही' असा शेरा लिहून मोकळं होणारे शिक्षक मी अजून पाहते. सरकारी दवाखान्यात नेऊन डोळे तपासून घ्या.

आता नोंदीकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथे दिसतं. 'आज वर्ग छान झाला, महिलांनी उत्साहाने सहभाग घेतला' या वाक्यात कोणीच दिसत नाही, ना बाई, ना तुम्ही. नोंद भावनेची लिहू नका. जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहा. हा नमुना बघा: 'एक ताई, वय पन्नाशीच्या आसपास. एकोणपन्नास रुपये तोंडाने बरोबर सांगितले. लिहिताना आधी ५ काढला, मग थांबल्या, पुढे ९ काढला. शेजारणीने ५९ वाचलं तेव्हा त्या म्हणाल्या, नाही, एकोणपन्नास.'

चार ओळी. पण यावर अर्धा तास बोलता येतं. बाईंचा हिशोब चुकलेला नाही. कानाला 'पन्नास' ऐकू येतं म्हणून हात पाचाकडे जातो. आपल्या एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास या सगळ्यांत हीच अडचण आहे. लहान मूल आकडा लिहून मग त्याचं नाव शिकतं. या बायकांची नावं पक्की आहेत, आकडा आता येतोय. म्हणजे उपाय वेगळा. नोटा-नाणी पुढ्यात ठेवायची, पन्नासाची नोट मोडून चार दहाच्या नोटा आणि नऊ रुपये सुटे मांडायचे, एक रुपया बाजूला, आणि मग चारावर बोट ठेवून लिहायचं. दुसऱ्या दिवशीच्या वर्गाची आखणी त्या चार ओळींतून निघाली की नाही?

डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ मध्ये मांडलं की तरबेज माणूस काम करता करताच कामाबद्दल विचार करत असतो. मला वाटतं ती सवय जन्मजात नसते, अशा नोंदींनीच लागते. सुरुवातीला घरी गेल्यावर सुचतं, मग वर्ग संपताना, आणि पुढेपुढे बाईचा हात पाचाकडे वळतानाच तुमच्या लक्षात येतं. व्यावसायिक वाढ म्हणतात ती हीच, असं मी समजते. प्रमाणपत्र हातात यायच्या आधी ती होते किंवा होत नाही.

दर पंधरवड्याला मागच्या नोंदी एका बैठकीत वाचा आणि शक्यतो सोबत्याबरोबर वाचा. एकाच बाईचं नाव वारंवार येत असेल तर बाकीच्यांकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही. कोणाचीच चूक दिसत नसेल तर वर्गात तुम्हीच जास्त बोलताय. पर्यवेक्षकांना वर्गात बोलवाल तेव्हा 'कसं वाटलं?' विचारू नका. 'मी किती वेळ बोलले आणि त्या किती वेळ बोलल्या, एवढंच टिपा' असं सांगा.

तुम्ही लिहिलंय की स्वतःत काही बदलतंय पण नीट सांगता येत नाही, घरीही चिडचिड होते. जॅक मेझिरो या प्रौढशिक्षणाच्या अभ्यासकाने १९७०च्या दशकात, संसार सांभाळून पुन्हा कॉलेजात आलेल्या अमेरिकेतल्या बायकांचा अभ्यास केला होता. त्याला दिसलं ते असं की प्रौढ माणसाचं मोठं शिकणं बहुधा एखाद्या अस्वस्थ करणाऱ्या अनुभवातून सुरू होतं. आतापर्यंतच्या समजुतींत तो अनुभव बसत नाही, मग त्या समजुतीच तपासाव्या लागतात. तुमच्या बाबतीत 'मी चांगली शिक्षिका आहे, म्हणजे माझ्या वर्गात हात वर होतात' ही समजूत हलली आहे. ते त्रासदायकच असतं. तो त्रास कमी करायची घाई करू नका, पण एकटीने सोसूही नका. अभ्यासक्रमातल्या दोघी-तिघींशी नियमाने बोला.

दुसरा थकवा वेगळा आहे आणि त्याबद्दल प्रशिक्षणात फारसं बोलत नाहीत. वर्ग जमला की बायका घरचं सांगू लागतात. नवऱ्याची दारू, मारहाण, बचत गटाबाहेरचं कर्ज, मुलीचं शिक्षण सुटलेलं. ते ऐकून रात्री झोप लागत नाही. ऐकून घेणं तुमचं काम आहे, सगळं सोडवणं नाही. वहीच्या मागच्या पानावर एक यादी ठेवा: महिला हेल्पलाइन १८१, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय (बायकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो), जवळचा सरकारी दवाखाना, विभागातल्या आशाताई. कुठे पाठवायचं हे माहीत असलं की ऐकणं सोपं जातं.

राहिलं पोटापाण्याचं, तर स्पष्टच सांगते. निव्वळ साक्षरतेच्या वर्गावर घर चालत नाही. आत्ताचा उल्लास म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ साठी आहे आणि तो स्वयंसेवकांवरच उभा आहे, शिकवणाऱ्याला मानधन नाही. त्यात शिकवा जरूर, कारण पंधरा वर्षांपुढचे कोणीही त्यात येतात आणि पन्नाशी-साठीच्या बायकांना दार उघडं आहे. माझ्या सुरुवातीच्या काळात राष्ट्रीय साक्षरता मिशनचा भर १५ ते ३५ या वयोगटावर होता, त्यामुळे पुष्कळ थोरल्या बाया नुसत्या दारात उभं राहून बघायच्या. २०१६ च्या महिला दिनी मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात आजीबाईंची शाळा सुरू झाली तेव्हा मला म्हणूनच फार बरं वाटलं.

पगाराचं काम मात्र आजूबाजूला शोधा. प्रौढांना शिकवायचं कसब जिथे लागतं अशा जागा तुम्हाला वाटतात त्याहून जास्त आहेत. प्रौढांना कामधंद्याची कौशल्यं शिकवणारं जन शिक्षण संस्थान आहे. त्याचं मूळ मुंबईत १९६७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या श्रमिक विद्यापीठात आहे. 'उमेद' (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि 'माविम' (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्यात बचत गटांच्या प्रशिक्षणाचं काम चालतं. ग्रामपंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा बायकांसाठी आहेत, दर निवडणुकीनंतर नव्या सदस्यांना प्रशिक्षण लागतं, आणि त्यांना अंदाजपत्रक वाचायला शिकवणं हे अस्सल प्रौढशिक्षणाचं काम आहे. आशा आणि अंगणवाडी सेविकांची प्रशिक्षणं, कृषी विज्ञान केंद्रं, कारखान्यांतली सुरक्षा प्रशिक्षणंही त्यातच आली. शेवटच्या प्रकाराकडे आपल्यातले लोक वळत नाहीत. वळायला हवं, तिथे पैसे बरे मिळतात आणि नीट शिकवलं तर कामगाराचा हात वाचतो.

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्राबरोबर एका वर्गाची आखणी आणि तिच्या दुसऱ्या दिवशीची बदललेली आखणी, अशा दोन्ही न्या. नावं झाकून सोबत ती एकोणपन्नासासारखी नोंद जोडा. मी प्रशिक्षक निवडायला बसते तेव्हा हेच मागते, आणि फार थोड्यांकडे ते असतं. मानधनावर बोलावलं तर तीन गोष्टी आधीच विचारून घ्या: प्रवासखर्च वेगळा मिळतो का, तयारीचा दिवस धरतात का, आणि एका गटाला पुन्हा भेटायला मिळणार की एकदाच. एकदाच असेल तर मी सहसा नाही म्हणते.

विडीच्या कार्डावरचा धडा घेतलात तर त्यानंतरची नोंद इथे टाका, बायकांची नावं काढून. आखणीत काही अडलं तर त्याच नोंदीवरून पुढे बोलू.