वाचकांचे प्रश्न : प्रत्येक राउटरकडे अख्खा नकाशा असतो म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : मी नेटवर्किंग शिकतेय. ओएसपीएफमध्ये (राउटरनी आपसात रस्ते ठरवायची एक पद्धत) प्रत्येक राउटरला सगळं नेटवर्क माहीत असतं आणि तो डायक्स्ट्रा (सगळ्यात कमी कॉस्टचा रस्ता शोधणारा अल्गोरिदम) वापरून रस्ता काढतो असं वाचलं. पण रस्ते तर आरआयपी या दुसऱ्या पद्धतीतही कळतातच, मग फरक कुठे पडतो? आणि ओएसपीएफसारख्या लिंक-स्टेट पद्धतीत लूप (पॅकेट गोल गोल फिरत राहणं) कधीच होत नाही हे खरं का?

उत्तर : फरक पडतो तो राउटर एकमेकांना काय सांगतात त्यात. आरआयपीवाला राउटर आपला निष्कर्ष सांगतो, अमुक नेटवर्क माझ्यापासून 3 हॉप (म्हणजे टप्पे), आणि शेजारी त्यात 1 मिळवून पुढे सांगतो, ते 3 कुठून आले हे कुणालाच कळायला मार्ग नाही. मग एखादी लिंक तुटली की दोन शेजारी एकमेकांच्याच जुन्या आकड्यांवर विसंबून बसतात आणि आकडा चढत चढत 16 झाला की तेव्हा कुठे मान्य होतं की तिकडे आता रस्ताच नाहीये.

लिंक-स्टेटमध्ये राउटर फक्त स्वतःबद्दल बोलतो. माझे शेजारी कोण आणि त्यांच्याकडे जायची कॉस्ट किती, एवढंच. शेजारी कळतात हॅलो पॅकेटवरून (इथरनेटवर डीफॉल्ट दर 10 सेकंदांनी, 40 सेकंद हॅलो नाही आला तर शेजारी गेला असं धरायचं). ही माहिती एलएसए (लिंक-स्टेट ॲडव्हर्टाइजमेंट) नावाच्या नोंदीत भरून तो सगळ्या शेजाऱ्यांना देतो, ते मजकुराला हात न लावता पुढच्यांना देतात, आणि असं करत एरियातल्या (नेटवर्कच्या त्या विभागातल्या) प्रत्येक राउटरकडे सगळ्यांचे एलएसए जमा होतात, तोच नकाशा. मग प्रत्येकजण स्वतःला मुळाशी धरून डायक्स्ट्रा चालवतो आणि रूटिंग टेबल भरतो. 

शिकवताना सगळा वेळ डायक्स्ट्रावर जातो, पण माझ्या मते तो सोपा भाग आहे, 1959 साली छापून आलेला अल्गोरिदम, तो काही चुकत नाही. खरं अवघड काम आहे सगळ्यांकडची कॉपी सारखी ठेवणं, म्हणजे फ्लडिंग, ते एलएसए सगळीकडे पोचवणं. एकाच राउटरचे दोन एलएसए हातात आले तर नवा कुठला? त्यासाठी सिक्वेन्स नंबर असतो. ऐकायला किरकोळ वाटतं ना? 27 ऑक्टोबर 1980 ला याच एका गोष्टीपायी अख्खं अर्पानेट (इंटरनेटचा पूर्वज) काही तास बंद पडलं होतं!

तेव्हा सिक्वेन्स नंबर 6 बिटांचा होता, 63 नंतर परत 0, आणि दोन नंबरांपैकी पुढचा कुठला हे गोल फिरून ठरवायचे. एका नोडच्या (तेव्हाच्या राउटरच्या) हार्डवेअरमध्ये बिघाड होऊन बिट गळायला लागले आणि एकाच नोडचे 8, 40 आणि 44 नंबरचे तीन अपडेट (तेव्हाचे एलएसएच म्हणा) एकाच वेळी फिरू लागले. आता गंमत बघा, त्या हिशोबाने 40 हा 8 पेक्षा नवा, 44 हा 40 पेक्षा नवा, आणि 8 परत 44 पेक्षा नवा! त्यामुळे प्रत्येक नोड आलेला अपडेट नवा समजून घेतोय, पुढे पाठवतोय, आणि हे थांबतच नाही. पॅकेटला वय (म्हणजे उरलेलं आयुष्य) होतं पण ते ठरावीक वेळानेच कमी व्हायचं आणि पॅकेट त्याआधीच पुढे निघून जायचं, म्हणून ते कधी म्हातारं झालंच नाही.

ओएसपीएफमध्ये हे धडे जागोजागी दिसतात. सिक्वेन्स नंबर 32 बिटांचा आणि सरळ रेषेत वाढणारा, गोल नाही, शेवट आलाच तर आधी जुना एलएसए नेटवर्कमधून काढून टाकायचा मगच पहिल्यापासून सुरुवात. फ्लडिंग होताना प्रत्येक टप्प्यावर वय वाढतं, 3600 सेकंद झाले की एलएसए बाद, म्हणून मूळ राउटर दर 1800 सेकंदांनी नवी प्रत काढतो. शिवाय प्रत्येक एलएसएला स्वतःचा चेकसम (मजकूर बिघडलाय का हे तपासायचा आकडा), म्हणजे मेमरीत पडून असताना बिट बिघडला तरी पकडता येतो.

आता लूपचं. सगळ्यांचा नकाशा सारखा असेल तर लूप होत नाही, ही अट महत्त्वाची. लिंक तुटल्यावर बातमी एकाला आधी कळते, दुसऱ्याला जरा नंतर, आणि त्या मधल्या वेळात दोघं एकमेकांकडेच पॅकेट ढकलू शकतात. याला मायक्रोलूप म्हणतात, कॉपी जुळल्या की तो आपोआप जातो. तेव्हा 'कधीच नाही' हे बरोबर नाही.

प्रश्न : दोन ओएसपीएफ राउटरमध्ये हॅलो नीट जातायत, शेजारी दिसतोय, पण स्टेट एक्सस्टार्टवरच (डेटाबेसच्या देवाणघेवाणीची सुरुवात) अडकलीय. पिंगही होतंय. काय बघू?

उत्तर : आधी दोन्ही बाजूंचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. हॅलो आणि साधं पिंग छोटं असतं म्हणून ते आरामात जातं. पण डेटाबेसची यादी द्यायघ्यायची वेळ आली की त्या पॅकेटमध्ये राउटर आपला एमटीयू लिहितो, आणि समोरच्याचा आकडा आपल्या इंटरफेसला झेपण्यापेक्षा मोठा निघाला तर पॅकेट नाकारलं जातं, गाडी तिथेच अडते. एमटीयू तपासूच नको असं सांगणारी कमांड बऱ्याच राउटरवर मिळते आणि ती टाकली की स्टेट फुलवर (देवाणघेवाण पूर्ण) जाईलही, पण मोठी अपडेट पॅकेट पुढे वाटेत गळू शकतात आणि मग कॉपी न जुळण्याचा त्रास परत सुरू, तोही शोधायला जास्त कठीण. एमटीयू दोन्हीकडे सारखा करा, मधे स्विच असेल तर त्याचाही तपासा.