पासवर्ड तुझ्याकडे कसा काय?

न्यू जर्सीतून, एडिसनहून एका आईचं पत्र आलंय, लांबलचक आहे म्हणून थोडक्यात सांगते. मुलगी ज्युनियर इयरला, म्हणजे अकरावीत. पुढच्या, सीनियर इयरचे विषय निवडायची वेळ आलीय आणि तिला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचंय. पोरीने निवडलं होतं एपी कॅल्क्युलस एबी, एपी फिजिक्स वन, एपी लिटरेचर, स्पॅनिश आणि वुडशॉप. (एपी म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय.) आईचं म्हणणं, महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्यांची मुलं कॅल्क्युलस बीसी, म्हणजे एबीपेक्षा पुढचं, घेतायत, फिजिक्स वनपेक्षा अवघड फिजिक्स सी घेतायत, सहा-सहा एपी घेतायत, आणि आमची काय सुतारकाम करणार? नवरा म्हणतो तूच बघ. तर प्रश्न असा की एबी की बीसी, आणि वुडशॉप दिसलं तर चांगलं कॉलेज हातचं जाईल का. आणि शेवटी जाता जाता एक ओळ, "फॉर्म शेवटी मीच बदलून टाकला, तिच्या पोर्टलचा पासवर्ड माझ्याकडेच असतो, ती काही बोलली नाही."

अगं, बाकीचं पत्र राहू दे बाजूला. ही ओळ तुला शेवटी का आठवली?

म्हणजे तिने विचार करून फॉर्म भरला, तू तिच्या नावाने आत शिरलीस, तिचे विषय पुसलेस, तुझे घातलेस आणि तिला ते कळलं कसं हेही लिहायची तुला गरज वाटली नाही. आणि ती काही बोलली नाही म्हणजे तिला पटलं असं धरून चालली आहेस. सोळा-सतरा वर्षांची पोरगी अशा वेळी भांडते, दार आपटते, जेवत नाही. तुझी काहीच बोलली नाही. ती भांडली असती ना तर मला एवढी काळजी वाटली नसती.

आणि गंमत म्हणजे तिचा फॉर्म तुझ्यापेक्षा शहाणा होता. तूच लिहिलंयस की आत्तापर्यंत बायो आणि केमिस्ट्री झालं, फिजिक्स अजून एकदाही नाही, आणि गणितात यंदा प्रीकॅल्क, म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीचा विषय, चालू आहे. फिजिक्स सी सगळं कॅल्क्युलसवर चालतं, म्हणजे जी मुलगी फिजिक्स पहिल्यांदा बघतेय आणि कॅल्क्युलस त्याच वर्षी शिकतेय तिला तू थेट तिथे बसवतेयस, वर चार एपी अजून. फिजिक्स वनला कॅल्क्युलस लागत नाही, ते तिने बघूनच घेतलं असणार. इंजिनिअरिंगवाले कॅल्क्युलस आणि फिजिक्स शोधतात, दोन्ही तिच्या यादीत होतं. वुडशॉपमध्ये माप घ्यायचं, कापायचं, जोडायचं, चुकलं की परत करायचं. मेकॅनिकलला जाणाऱ्या मुलीने हे घेतलं तर त्यात लाज कसली?

अवघड विषयांना किंमत नाही असं मी म्हणत नाहीये हं. आहे, आणि फार थोड्यांना घेणाऱ्या कॉलेजांत तर नक्कीच आहे. पण ते बघतात तुझ्या मुलीच्या शाळेत काय मिळत होतं आणि त्यातलं तिने काय घेतलं, त्यासाठी शाळा स्वतःची माहिती जोडते आणि काउन्सिलरचं, म्हणजे शाळेतल्या मार्गदर्शकाचं, मत असतं की हिचे विषय शाळेच्या मानाने कितपत कठीण होते. मंडळातला कोणाचा मुलगा दुसऱ्या शाळेत काय घेतोय याचा त्यात काय संबंध? आणि सीनियर इयरच्या एपी परीक्षा मे महिन्यात, स्कोअर जुलैत, तोवर १ मे होऊन कॉलेज ठरलेलं असतं. प्रवेश देताना त्यांच्यासमोर असते विषयांची यादी आणि शाळा वर्षाच्या मध्यात पाठवते त्या मिड-इयर रिपोर्टमधले पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड. सहा एपी आणि त्यातल्या दोनात सी ग्रेड, हेही त्यांना दिसणारच. प्रवेश मिळाल्यावर मार्क फार घसरले तर दिलेली सीट काढूनही घेतात.

आपल्याकडे दहावीनंतर सायन्स घेतलं की विषय जवळपास ठरलेलेच, पुढे सीईटी आणि मेरिट लिस्ट, त्यामुळे बाबांनी फॉर्म भरला काय आणि आपण भरला काय, फारसा फरक पडत नव्हता. इथे तसं नाहीये. इथे ती निवडच वाचतात.

आता पुढचं सांग. १ ऑगस्टला कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन प्रवेश अर्ज, उघडेल, तिथे ६५० शब्दांपर्यंतचा निबंध असतो आणि शेवटी मुलाने स्वतः सही करायची असते की हे सगळं माझं स्वतःचं काम आहे आणि खरं आहे. तो पासवर्ड पण तुझ्याकडेच असणार का? आणि त्यानंतर कॉलेज सुरू झालं की कायद्याने शाळा-कॉलेजच्या रेकॉर्डवरचा हक्क तिचा होतो, फी तू भरलीस तरी ग्रेड तुला आपोआप येत नाहीत. तेव्हा तुला जे कळेल ते ती सांगेल तेवढंच. आणि आत्ता ती काय सांगतेय तुला? काहीच नाही.

म्हणून एकच काम, आज रात्री. जेवणं झाली की तिला म्हण, मी तुझा फॉर्म तुला न विचारता बदलला, चुकलं माझं, आता पासवर्ड बदल आणि मला सांगू नकोस. बस. त्याच्यापुढे "पण तू तरी विचार कर ना" वगैरे काही जोडू नकोस, तुझी जीभ वळवळेल, मला माहितीये, तेव्हा उठून भांडी घास. उद्या काउन्सिलरला मेल तिने करायचा, भेटायला तिने जायचं. तू सीसीतसुद्धा नाहीस. हे लवकर व्हायला हवं, कारण या फॉर्मवरूनच शाळा पुढच्या वर्षीचं टाइमटेबल बांधते आणि उशीर झाला तर हवा तो तास भरलेला असतो. काउन्सिलरशी बोलून ती स्वतःच बीसीवर आली तर येऊ दे, नाही आली तरी तिचं कल्याणच आहे.

मंडळात कोणी विचारलंच, काय घेतलं गं तुझ्या मुलीने, तर सांग मला नाही माहीत, तिला विचारा. आणि खरंच माहीत नसलं तरी चालेल.