कराटेचे सर आधी ज्युदो शिकलेले असतील, तर त्यांचं कराटे अस्सल नसतं का?

उलट, मला असे शिक्षक जास्त भावतात. कराटे घडवणारेच कितीतरी जण आधी दुसरं काही शिकून आलेले होते. हिरोनोरी ओत्सुका लहानपणापासून जुजुत्सू ही जुनी जपानी युद्धकला शिकले, 1922 साली गिचिन फुनाकोशींकडे कराटेला लागले आणि पुढे त्यांनी वाडो-र्यू ही कराटेची शैली उभी केली. तो जुना संस्कार या शैलीत आजही दिसतो. समोरून ठोसा आला की हात आडवा घालून थोपवण्यापेक्षा अंग किंचित वळतं, ठोसा छातीजवळून निघून जातो आणि त्याच क्षणी आपला हात पोचलेला असतो. किती सुंदर आहे हे! मासुतात्सु ओयामांनीही शोतोकान आणि गोजू-र्यू या कराटेच्या शैली आणि ज्युदो शिकूनच क्योकुशिन ही आपली शैली घडवली.

मात्र नुसत्या बेल्टच्या लांबलचक यादीवर भुलू नका. कोणाकडे, किती वर्षं शिकलात, हे सरळ विचारा. चांगला शिक्षक आपल्या गुरूंचं नाव आनंदाने सांगतो. मग एखादा वर्ग कडेला बसून बघा. मागे पडताना मुलं हनुवटी छातीशी घेतात का, हे मी सगळ्यात आधी पाहतो. ज्युदोत मुरलेला शिक्षक फेकायच्या आधी पडायला शिकवतो.