सापळ्यात माश्यांचा ढीग, तरी फळात अळी का?

हापूसची चाळीस झाडं आहेत. गेल्या मे महिन्यात सहा सापळे टांगले. रोज मूठभर फळमाश्या मरत होत्या, तरीही वळीव पडल्यावर उतरवलेल्या आंब्यात अळी निघाली. सापळे नकली होते का?
— एक बागायतदार, खानापूर

नकली नव्हते. पण त्यात मेलेल्या सगळ्या माश्या नर होत्या. सापळ्यात जे गंधद्रव्य असतं, त्या मिथाईल युजेनॉलच्या वासाला फक्त नर भुलतात. (अंगणातल्या तुळशीवर कधीकधी माश्या घुटमळताना दिसतात, त्याही नरच. तुळशीत हेच द्रव्य असतं.) फळाला डंख मारून आत अंडी घालते ती मादी, आणि तिला या वासाचं सोयरसुतक नाही. शिवाय एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे निम्मे नर मारून काही साधत नाही. जवळजवळ सगळे संपले तरच अंडी वांझ राहतात. तुम्ही सापळे लावले तेव्हा बागेतल्या माद्यांचं मीलन होऊन गेलं होतं.

सापळा आंबा तोडणीच्या सहा ते आठ आठवडे आधी लागला पाहिजे. तुमच्याकडे मेमध्ये उतरणी असेल तर मार्चमध्येच. झाडाच्या सावलीत, माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगा. नुसती पाहणी करायची असेल तर एकरी दोन पुरतात, नर संपवायचे असतील तर आठ ते दहा. टांगायच्या तारेला ग्रीस लावा, नाहीतर मुंग्या मेलेल्या माश्या ओढून नेतात आणि तुम्हाला वाटतं माशीच नाही. बांधापलीकडच्या शेजाऱ्यानेही सापळे लावले तर उत्तम. एकट्याच्या सापळ्यात त्याच्या बागेतले नर येतात, आणि त्याच्या माद्या तुमच्या आंब्यावर.

खरी गफलत मात्र झाडाखाली होते. डंख लागलेल्या फळावर टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, भोवती तपकिरी कडं, बोटाने दाबलं की तिथेच मऊ लागतं. आत एक-दोन दिवसांत अंडी फुटतात, आठवडाभर अळी गर खाते, मग फळ गळतं. गळलेला आंबा कापून अळी तळहातावर घ्या: पांढरी, एका टोकाला निमुळती, पाय नसलेली. जराशाने ती अंग वाकवून टुणकन उडी मारते. अशाच उड्या मारत ती फळातून मातीत जाते, दोन ते पाच सेंटिमीटर खोलीवर कोष करते आणि आठ-दहा दिवसांत माशी होऊन वर येते. वळवाने माती ओली आणि भुसभुशीत झाली की कोषातल्या माशीला वर येणं सोपं जातं. म्हणूनच पावसानंतरचा आंबा जास्त किडतो.

तेव्हा गळलेली फळं रोज वेचा, निदान दिवसाआड तरी. बांधावर किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका, अळीला तिथे आयतं घर मिळतं. दोन फूट खोल पुरा, किंवा जाड काळ्या प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे उन्हात ठेवा. खोडाभोवतीची माती अधूनमधून कुदळीने हलवली तर कोष वर येतात. ऊन, मुंग्या आणि कोंबड्या पुढचं काम करतात. एवढं केलं आणि सापळे थोडे कमी पडले तरी चालेल. उलट्याने चालत नाही.

सापळ्यात टांगायची वासाची वडी घरी बनवता येते का? दुकानदाराने त्यात डायक्लोरोव्हॉस हे कीटकनाशक घालायला सांगितलं.
— एक वाचक, हुक्केरी

डायक्लोरोव्हॉस नको. त्याच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुन्या पुस्तिकांतून ते अजून सांगितलं जातं, एवढंच.

प्लायवुडचे ५ × ५ × १ सेंमीचे ठोकळे घ्या. अल्कोहोल ६ भाग, मिथाईल युजेनॉल ४ भाग, मॅलॅथिऑन ५० ईसी हे कीटकनाशक १ भाग, असं मिश्रण झाकणाच्या बरणीत करून ठोकळे त्यात दोन ते तीन दिवस बुडवा. अल्कोहोल मिथाईल युजेनॉलला लाकडात आत नेतं. एक दिवसात काढलेला ठोकळा वरवरच भिजतो आणि पंधरवड्यात वास संपतो. नीट भिजलेला महिना ते दीड महिना टिकतो. रबरी हातमोजे घाला, स्वयंपाकघरातली भांडी वापरू नका. लिटरच्या पाण्याच्या बाटलीला वरच्या भागात बोट जाईल एवढी चार भोकं आणि पावसाचं पाणी निघायला तळाशी बारीक छिद्रं पाडली आणि आत ठोकळा टांगला की सापळा झाला. दहा-बारा झाडांसाठी एवढा खटाटोप नको, तयार वडी आणा. कन्नड पाटीच्या दुकानात ‘हण्णिन नोण’ (फळमाशी) म्हटलं की कळतं.

कारल्याच्या मांडवात आंब्याचेच सापळे लावले. महिन्यात चार माश्याही नाहीत, आणि कारली वाकडी होऊन पिवळी पडतायत.
— एक शेतकरी, निपाणी

वेलवर्गातली माशी वेगळी, तिचा वासही वेगळा. कारलं, काकडी, दोडका, दुधी यांना ‘क्यू ल्यूर’ नावाचं गंधद्रव्य लागतं, एकरी चार ते पाच सापळे. दोन्ही वास एकाच डब्यात घालू नका, एकमेकांना मारक ठरतात.

इथे नुसत्या सापळ्यावर भागत नाही. ही मादी कळीत आणि दोन-तीन दिवसांच्या कोवळ्या फळातही अंडी घालते. डंखाच्या जागी डिंकासारखा थेंब येतो आणि त्या बाजूची वाढ थांबून फळ वाकतं. मांडवाच्या कडेने मक्याची ओळ लावा. ही माशी अंडी घालायला वेलीवर येते आणि उरलेला वेळ कडेच्या उंच झाडोऱ्यात विसावते. त्या मक्यावर गुळाचं आमिष मारायचं: १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ रात्रभर विरघळवून त्यात २० मिली मॅलॅथिऑन ५० ईसी, आठवड्यातून एकदा. थेंब मोठा पडू द्या. फवाऱ्याचं धुकं झालं तर आमिष वाळून जातं. नर आणि मादी दोन्ही ते चाटतात. मधमाशी घरी परतल्यावर, संध्याकाळीच फवारा. वेलीच्या फुलांवर उडवलंत तर परागीभवन थांबेल आणि कारली लागणारच नाहीत.

पेरूला पावसाळ्यात हमखास कीड, थंडीत नाही. असं का?
— एक वाचक, रायबाग

पावसाळ्यातलं फळ आंबे बहराचं, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरच्या फुलोऱ्याचं; माशी भरात असतानाच ते पिकतं. मृग बहराचं, म्हणजे पावसाच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचं, फळ नोव्हेंबरनंतर येतं, तेव्हा गारव्याने माशी मंदावलेली असते. जमत असेल तर उन्हाळ्यात पाणी तोडून आंबे बहर सोडा. धरायचाच असेल तर लिंबाएवढ्या फळाला फोमची जाळी आणि वर पिशवी बांधा. पावसात वर्तमानपत्राचा कागद टिकत नाही. बांधण्याआधी प्रत्येक फळावर ठिपका आहे का पाहा. डंख लागलेलं फळ पिशवीत घालणं म्हणजे अळीचं संगोपनच.

ऑलिव्हची रोपं मिळतायत. इथे लावली तर त्यालाही हीच माशी लागेल का?
— एक वाचक, बेळगाव

माशीची काळजी नंतर, आधी फळ तरी लागायला हवं. ऑलिव्हला फुलोऱ्यासाठी हिवाळ्यात दीर्घ थंडी लागते. बेळगावचा गारवा त्याला पुरत नाही. राजस्थानात इस्रायलच्या साहाय्याने लागवड झाली, पण बिकानेरकडची थंडी वेगळीच.

भूमध्य समुद्राकाठच्या ऑलिव्हची माशी आंब्याच्या माशीच्याच कुळातली, पण तिच्या अळ्या ऑलिव्हच्याच फळात वाढतात. सहसा एका फळात एक अंडं घालते आणि तेलाची आम्लता वाढवून भाव पाडते. तिथले शेतकरी अमोनियम क्षाराच्या बाटल्या टांगतात, प्रथिनांचं आमिष मारतात, फळांवर पांढऱ्या केओलिन मातीचा लेप फवारतात आणि तोडणी लवकर उरकतात. मिथाईल युजेनॉल तिथे कामाचं नाही. त्या जातीत मादीच गंध सोडून नराला बोलावते, त्यामुळे आपला सापळा तिकडे रिकामाच राहील.