वाचकांचे प्रश्न : कोजागिरीच्या संध्याकाळी डोक्यावर झालेला स्फोट

मागील अंकात गॅमा किरण स्फोटांविषयी, म्हणजे दूर अवकाशातून थोडा वेळच येणाऱ्या गॅमा किरणांच्या प्रचंड लोटांविषयी, एक छोटी नोंद प्रसिद्ध झाली होती. तिच्यावर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. स्फोटानंतर मागे राहणाऱ्या आणि हळूहळू मावळत जाणाऱ्या प्रकाशाला मी ‘पश्चदीप्ती’ म्हणतो. शब्द थोडा जड आहे, पण अर्थ नेमका सांगतो, म्हणून तोच वापरला आहे.

९ ऑक्टोबर २०२२ रोजी आजवर नोंदवलेला सर्वांत तेजस्वी गॅमा किरण स्फोट झाला, असे आपण लिहिले होते. त्या दिवशी कोजागिरी होती आणि संध्याकाळपासून आम्ही सगळे गच्चीवरच होतो. मग आम्हाला काहीच कसे दिसले नाही? (एक वाचक, राजारामपुरी)

आपले पत्र वाचून मी त्या दिवसाचे गणित मांडून पाहिले, आणि उत्तर अपेक्षेपेक्षा गमतीचे निघाले. फर्मी या उपग्रहाने त्या स्फोटाची पहिली नोंद केली तेव्हा भारतीय वेळेनुसार संध्याकाळचे ६ वाजून ४७ मिनिटे होत होती. किरण शर या छोट्या तारकासमूहाच्या दिशेने आले. श्रवण ताऱ्याच्या थोडे उत्तरेला, हंसाकडे जाताना हा समूह लागतो. त्या क्षणी कोल्हापुरातून पाहता आकाशातला तो बिंदू खस्वस्तिकापासून, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूपासून, जेमतेम पाच अंशांवर होता. हात लांब करून तीन बोटे आडवी धरली की आकाशाचा जेवढा भाग झाकला जातो, तेवढेच हे अंतर. सूर्य मावळून अर्धा तास झाला होता, पूर्ण चंद्र पूर्वेला नुकताच वर आला होता, घरोघरी दूध आटवायची तयारी चालली होती, आणि सुमारे १९० कोटी वर्षे प्रवास करून आलेले किरण बरोबर आपल्या डोक्यावर पोहोचत होते.

न दिसण्याची कारणे दोन आहेत. गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि ते जमिनीपर्यंत पोहोचतही नाहीत. वातावरणाचे वरचे थरच ते शोषून घेतात. दुसरे कारण असे की, या स्फोटाची दिशा आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यालगत होती. त्यामुळे त्याच्या दृश्य प्रकाशाचा मोठा भाग वाटेतल्या धुळीने अडवला. स्विफ्ट उपग्रहाने सुमारे तासाभराने त्या जागी रोख धरला तेव्हा पश्चदीप्ती १६ ते १७ प्रतीची होती. (प्रत हे ताऱ्यांच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितके तेज कमी.) अगदी काळोख्या रात्री डोळ्यांना फार तर सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. म्हणजे ती आपल्या मर्यादेपेक्षा किमान १०,००० पट मंद होती. त्यातून कोजागिरीचा चंद्र! इतकेच काय, स्विफ्टच्या नोंदीवरून प्रथम हा आपल्याच आकाशगंगेतला एखादा स्रोत असावा असा समज झाला होता.

डोळ्यांना दिसू शकेल असा स्फोट मात्र एकदा होऊन गेला आहे. १९ मार्च २००८ रोजी भूतप तारकासमूहात झालेल्या स्फोटाचा प्रकाश काही सेकंद ५.३ प्रतीपर्यंत पोहोचला, आणि तो प्रकाश सुमारे ७५० कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता. तेव्हा कोल्हापुरात सकाळचे पावणेबारा वाजत आले होते.

असा स्फोट कुठे आणि केव्हा होईल हे आधी कळत नाही आणि तो काही सेकंदांत संपतो. मग तो पकडतात तरी कसा? दुर्बीण तिकडे वळवेपर्यंत सगळे आटोपलेले असणार. (एक शिक्षिका, कागल)

आपली शंका रास्त आहे. म्हणूनच स्फोट पकडणारी उपकरणे आपल्या ओळखीच्या दुर्बिणींसारखी नसतात. गॅमा किरण भिंगाने वळत नाहीत आणि साध्या आरशावरून परततही नाहीत, ते आरपार निघून जातात. त्यामुळे त्यांची प्रतिमा तयार करण्याचा नाद सोडून ते नुसते मोजायचे, ही पहिली युक्ती. फर्मी उपग्रहावर सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांचे १२ शोधक वेगवेगळ्या दिशांना तोंडे करून बसवले आहेत. गॅमा किरण स्फटिकात शिरला की प्रकाशाची बारीकशी ठिणगी उमटते आणि ती विद्युत संकेतात बदलून मोजली जाते. नेहमीच्या गणतीपेक्षा आकडा अचानक वाढला की संगणक स्फोटाची वर्दी देतो, आणि कोणत्या तोंडाच्या शोधकाने किती ठिणग्या मोजल्या यावरून दिशेचा ढोबळ अंदाज येतो.

नेमकी दिशा काढण्याची युक्ती कोल्हापूरकरांना समजावणे सोपे आहे. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येतात, आणि आज ते मूर्तीच्या चरणांवर थांबले, कमरेपर्यंत चढले की मुखापर्यंत पोहोचले, याची चर्चा दरवर्षी होते. गाभाऱ्यात बसलेल्या माणसाने बाहेर डोकावलेही नाही, तरी उजेड कुठे पडला आणि सावली कुठे राहिली यावरून त्याला सूर्याची दिशा सांगता येईल. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये सोडलेल्या स्विफ्ट उपग्रहावर हेच तत्त्व वापरले आहे. शिशाच्या सुमारे ५०,००० छोट्या तुकड्यांची अनियमित जाळी वर, आणि तिची सावली झेलणारे ३२,७६८ शोधक खाली. सावली किती सरकली हे मोजून उपग्रह स्वतःच दिशा काढतो, साधारण दीड मिनिटात अंग वळवून आपली क्ष-किरण दुर्बीण आणि दृश्य-अतिनील दुर्बीण तिकडे रोखतो, आणि दरम्यान पृथ्वीवरच्या निरीक्षकांना वर्दी पोहोचलेली असते.

आपला ॲस्ट्रोसॅट या कामात योगायोगाने उपयोगी ठरला, असे म्हटले तरी चालेल. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या या उपग्रहावरील कॅडमियम-झिंक-टेल्युराइड उपकरण मुख्यतः ठरावीक स्रोतांकडे पाहण्यासाठी बनवले होते. पण पुरेशा ऊर्जेच्या किरणांना त्याच्या बाजूच्या भिंती पारदर्शक ठरतात. त्यामुळे आडव्या-तिडव्या दिशांनी आलेले स्फोटही त्यात नोंदले जातात. अशा स्फोटांची संख्या २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ६०० वर गेली.

या शोधाची सुरुवातच मुळी अनपेक्षित होती. चोरून केलेल्या अणुचाचण्या पकडण्यासाठी अमेरिकेने वेला नावाचे उपग्रह सोडले होते आणि २ जुलै १९६७ रोजी त्यांनी एक स्फोट नोंदवला, पण तो अणुचाचणीसारखा दिसत नव्हता. पुढे वेगवेगळ्या उपग्रहांवर किरण पोहोचण्याच्या वेळेतला सूक्ष्म फरक तपासला, तेव्हा असे स्फोट पृथ्वीचे नाहीत आणि सूर्याचेही नाहीत हे सिद्ध झाले. लष्करी उपग्रहांची ही निरीक्षणे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली.

उपग्रहाने स्फोट नोंदवला म्हणजे काम झाले. मग त्याच्या विझत जाणाऱ्या प्रकाशामागे एवढी धावपळ कशासाठी? (एक विद्यार्थी, गडहिंग्लज)

माझ्या मते या विषयातला हाच सर्वांत चांगला प्रश्न आहे. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत स्फोट येतो, परंतु स्फोटांविषयी जे काही ठामपणे कळले आहे त्यातले बहुतेक पश्चदीप्तीने सांगितलेले आहे.

वेला उपग्रहांच्या त्या पहिल्या नोंदीनंतर ३० वर्षे शास्त्रज्ञांजवळ स्फोट होते, पण त्यांची अंतरे नव्हती. कॉम्प्टन या अवकाशातल्या वेधशाळेने १९९१ ते २००० या काळात २,७०० हून अधिक स्फोट नोंदवले, म्हणजे जवळजवळ रोज एक. ते आकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले आढळले. आकाशगंगेच्या पट्ट्यात त्यांची गर्दी नव्हती, त्यामुळे ते फार दूरचे असावेत असा तर्क बळावला; तरीही ते आपल्या आकाशगंगेला वेढणाऱ्या प्रभामंडलातले असतील, असे मानणारा पक्ष १९९५ पर्यंत जोरात होता. गणना कितीही वाढली तरी हा वाद मिटणार नव्हता.

तो मिटवण्याची वाट दोन छायाचित्रांनी दाखवली. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी बेप्पोसॅक्स या इटालियन-डच उपग्रहाने एका स्फोटाची जागा बऱ्यापैकी अचूक दिली आणि काही तासांत तेथे क्ष-किरणांचा मावळता स्रोतही टिपला. स्फोटानंतर दिवस पुरा होण्याच्या आत ला पाल्मा बेटावरील विल्यम हर्शेल दुर्बिणीने त्या जागेचे छायाचित्र घेतले आणि ८ मार्चला त्याच दुर्बिणीने पुन्हा घेतले. दोन्ही शेजारी ठेवल्यावर पहिल्यात असलेला एक ठिपका दुसऱ्यात जवळजवळ गायब झालेला दिसला. त्याच वर्षी ८ मे रोजी झालेल्या स्फोटाच्या पश्चदीप्तीचा वर्णपट मिळाला, त्यातील शोषण रेषांवरून, म्हणजे वाटेतल्या वायूने उमटवलेल्या काळ्या रेघांवरून, ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला याचे माप) किमान ०.८३५ निघाली, आणि हा प्रकाश सुमारे ७०० कोटी वर्षे प्रवास करून आला आहे, हे कळल्यावर प्रभामंडलाचा पक्ष संपला.

पश्चदीप्ती निर्माण कशी होते, हेही पाहू. स्फोटातून प्रकाशाच्या जवळपास वेगाने निघालेला झोत आसपासच्या विरळ वायूवर आदळतो. त्या धक्क्याने वेगवान झालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राभोवती फिरत राहतात आणि क्ष-किरणांपासून रेडिओ लहरींपर्यंत सगळ्या पट्ट्यांत प्रारण देतात. झोत मंदावतो तसा प्रकाशही उतरतो. हा उतार साधारणपणे काळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे दहापट वेळ गेला की तेज दशांशावर येते, आणि हे अडीच प्रतींचे अंतर झाले. समजा, दहाव्या मिनिटाला पश्चदीप्ती १५ व्या प्रतीची आहे. मग १०० मिनिटांनी ती १७.५ प्रतीची होईल आणि साधारण १७ तासांनी २० व्या प्रतीची. पहिल्या तासात छोट्या दुर्बिणीला जे दिसले असते, त्यासाठी दुसऱ्या दिवशी मोठ्या वेधशाळेत वेळ मागावी लागते. शिवाय काही वेळा एखाद्या दिवसानंतर उतार एकाएकी तीव्र होतो. तो केव्हा तीव्र झाला यावरून झोत किती अरुंद होता हे काढता येते. आणि ऊर्जा चहूकडे फेकली गेली नसून अरुंद झोतातून गेली आहे, हे मान्य केले की स्फोटाच्या ऊर्जेचे अचाट वाटणारे आकडेही आवाक्यात येतात.

स्फोट कशाचा, याचे उत्तरही मागाहूनच मिळते. दोन सेकंदांपेक्षा लांब स्फोट बहुधा प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्याचा गाभा कोसळल्याने होतात, कारण २९ मार्च २००३ च्या स्फोटाची पश्चदीप्ती ओसरू लागली तेव्हा तिच्याखालून अतिनवताऱ्याचा, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा, वर्णपट वर आला. दोन सेकंदांपेक्षा आखूड स्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मोठ्या ताऱ्यांच्या मागे उरलेल्या अतिघन गाभ्यांच्या) विलीनीकरणातून होऊ शकतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशा विलीनीकरणातून आलेल्या गुरुत्वीय लहरींनंतर अवघ्या १.७ सेकंदांनी असा स्फोट नोंदला गेला. मात्र ही दोन सेकंदांची सीमा दगडावरची रेघ नव्हे. ११ डिसेंबर २०२१ चा स्फोट चांगला लांब चालला, तरी त्याच्या मागे राहिलेला प्रकाश विलीनीकरणाकडेच बोट दाखवत होता.

रेडिओ पट्ट्यात पश्चदीप्ती फार काळ टिकते. नारायणगावजवळच्या खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी २००३ च्या त्याच स्फोटाचा मागोवा पुढे काही वर्षे घेतला.

माझ्याकडे आठ इंची दुर्बीण आणि कॅमेरा आहे. पन्हाळ्याच्या बाजूला अंधारही बरा मिळतो. मला पश्चदीप्ती टिपता येईल का? (एक हौशी निरीक्षक, कोल्हापूर)

येईल, पण सबुरी हवी. काळोख्या आकाशाखाली काही मिनिटांची अनेक छायाचित्रे एकत्र केली तर आपली दुर्बीण १७ व्या प्रतीपर्यंत, क्वचित त्यापुढेही पोहोचेल. वर दिलेल्या उदाहरणाप्रमाणे पाहिले तर आपल्या हाती पहिला तास-दीड तास आहे. २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका हौशी निरीक्षकाने स्वतःच्या दुर्बिणीतून पश्चदीप्ती शोधून दाखवली होती. आणि २३ जानेवारी १९९९ रोजी स्फोट चालू असतानाच त्याचा नवव्या प्रतीचा प्रकाश सर्वप्रथम टिपला तो कोणत्या महाकाय दुर्बिणीने नव्हे, तर स्वयंचलित चौकटीवर बसवलेल्या छायाचित्रणाच्या चार टेलिफोटो भिंगांनी.

आपले रेखांशही आपल्या बाजूचे आहेत. युरोपात उजेड असताना आणि ऑस्ट्रेलियात पहाट होत आली असताना आपल्याकडे रात्र असते, आणि या पट्ट्यात निरीक्षक थोडे आहेत. लडाखमधील हानले येथे ४,५०० मीटर उंचीवर उभारलेली ०.७ मीटर व्यासाची स्वयंचलित ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण याच कारणाने मोलाची आहे.

उपग्रहांच्या वर्दीचे जाळे सर्वांना खुले असून तिथे विनामूल्य नोंदणी करता येते. वर्दी आल्यावर आधी तीन गोष्टी पाहाव्यात : ती जागा आपल्या क्षितिजाच्या वर आहे का, चंद्र किती जवळ आहे, आणि दिलेली जागा आपल्या कॅमेऱ्याच्या चौकटीत मावते का. फर्मीच्या वर्दीतली जागा बऱ्याचदा अनेक अंश रुंद असते. तिच्यामागे धावून रात्र वाया घालवू नये, स्विफ्टची वर्दी धरावी. छायाचित्र घेतल्यावर ते जुन्या आकाश-सर्वेक्षणातील छायाचित्राशी ताडून पाहावे, आणि नवा ठिपका सापडला तरी अर्ध्या तासाने तीच चौकट पुन्हा घ्यावी. ठिपका सरकला तर तो लघुग्रह असतो, जागेवर राहून मंदावला तर नोंद पाठवण्याजोगा. जून ते सप्टेंबर हे महिने आपल्याकडे पावसाचेच. तेवढ्यात जुन्या वर्द्यांवर सराव करून घ्यावा, म्हणजे दिवाळीच्या सुमारास आकाश मोकळे होईल तेव्हा दुर्बीण रोखायला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही.