ओमियाचं बोन्साय म्युझियम - जा, पण गुरुवार सोडून

टोकियोत एकच दिवस मोकळा आहे, बोन्साय म्हणजे कुंडीत छाटून लहान ठेवलेली झाडं बघायला टोकियोजवळच्या ओमियाला जावं का, आणि सासूबाई म्हणतायत झाडांचा छळ बघायला एवढं कशाला जायचं, असं विचारलंयस. जा गं. फक्त गुरुवारी नको, म्युझियम बंद असतं आणि आजूबाजूच्या बागाही.

टोकियो किंवा उएनो स्टेशनहून जेआर म्हणजे जपान रेल्वेची उत्सुनोमिया लाइन, उतरायचं तोरोला, म्हणजे ओमियाच्या पुढचं स्टेशन, तिथून पाचेक मिनिटं चालत. ताकासाकी लाइनची गाडी पकडलीस तर ती ओमियानंतर भलतीकडे वळते, म्हणून बोर्ड वाचूनच चढ. तिकीट ३१० येन, म्हणजे काहीच नाही.

२०१० साली उघडलेलं म्युझियम तसं छोटंच आहे, भराभर फिरलात तर अर्ध्या तासात बाहेर याल आणि म्हणाल एवढंच होतं होय! प्रत्येक झाडाला पुढची बाजू असते, तिथे उभं राहायचं, थोडं वाकायचं आणि मुळापासून वर बघत जायचं, मग ते कुंडीतलं रोप वाटत नाही, खालून मोठं झाड बघतोय असं वाटतं. ज्युनिपर नावाच्या सूचिपर्णी झाडावर पांढरंफटक लाकूड दिसेल, तो रंग नाही, ते मेलेलं खोड मुद्दाम राखलेलं असतं, आणि बाजूच्या सालीच्या एका पट्टीवर अख्खं झाड जगत असतं. 'तोदोरोकी' नावाचा एझो स्प्रूस (हेही सूचिपर्णी झाड) मांडलेला असेल तर तिथे थांबाच, त्याचं वय हजारेक वर्षं धरतात. फोटो सगळीकडे काढू देत नाहीत, पाट्या बघ.

आता सासूबाईंसाठी. मुळं कापतात हे खरंय, पण कुंडीतली मुळं कधी छाटलीच नाहीत तर ती गच्च होऊन झाड गुदमरतं, म्हणून काही वर्षांनी माती बदलून जुनी मुळं काढतात आणि नवीन बारीक मुळं फुटतात. उन्हाळ्यात पाणी एक दिवस चुकलं तरी झाड जाऊ शकतं. म्हणजे घरात कुणीतरी कायम झाडापाशी हवंच, पिढ्यानपिढ्या. छळ म्हणायचाच तर मला तो माळ्याचा जास्त वाटतो :)

नंतर म्युझियमच्या आजूबाजूच्या बोन्साय व्हिलेजमध्ये, म्हणजे बोन्सायवाल्यांच्या वस्तीत, नक्की फिरा. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले चांगली माती आणि पाणी शोधत इथे आले, १९२५ पासून वस्ती झाली. तेव्हाचे नियम भारी होते, घरात किमान दहा बोन्साय हवेत, दुमजली घर बांधायचं नाही, कुंपण झाडांचं, आणि फाटक सगळ्यांना उघडं. आता मोजक्याच बागा उरल्यात पण आत जाऊन बघता येतं. ३ ते ५ मे ला मोठा बोन्साय मेळा असतो, गर्दी सहन होत असेल तरच त्या दिवसांत जा, मी नोव्हेंबर सुचवेन, मेपल लाल झालेले असतात.

झाड विकत घ्यायच्या फंदात पडू नकोस, मातीसकट भारतात आणता येत नाही. कुंड्या आणि कात्र्या मात्र मस्त मिळतात, कात्री चेक-इन बॅगेतच टाक.